बारा पॉइंट सहा दाखवते, तरी रात्र काढत नाही: जुन्या बॅटरीच्या तपासणीवर टीका

माझ्या पीएचडीचा विषय एका ओळीत सांगायचा तर असा: वापरलेल्या डीप-सायकल बॅटऱ्या उन्हावर चार्ज करायच्या आणि त्यांच्यात नक्की किती जीव उरलाय ते मोजायचं. हे ऐकून विद्यापीठात लोक मान डोलावतात. गावाकडे लगेच विचारतात, "मग आमची एक पडलीय घरात, बघता का?" मला दुसरा प्रतिसाद जास्त आवडतो, कारण त्यात खरा प्रश्न आहे. जुनी बॅटरी ठेवायची, विकायची, की कुणाची तरी घ्यायची? दोन-चार हजारांचा प्रश्न असतो, आणि कोरडवाहू गावात दोन-चार हजार म्हणजे गंमत नाही.

आज माझं काम समजावण्याऐवजी मी ही तपासणी सध्या जशी होते तिच्यावर टीका करणार आहे. दुकानात होते तिच्यावर, मोबाईलवरच्या व्हिडिओंत दाखवतात तिच्यावर, आणि आमच्या संशोधनाच्या दुनियेत होते तिच्यावरही.

आधी शब्दाचा अर्थ. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला काही सेकंद दोन-अडीचशे अँपिअर देते आणि मग आराम करते. तिच्या प्लेटा पातळ असतात. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी सात-आठ अँपिअर देत तासन् तास रिकामी होते आणि परत भरते. तिच्या धन प्लेटा नळ्यांच्या असतात, जाड असतात. हीच आपल्याकडची डीप-सायकल. बीड जिल्ह्यात ती कुठे सापडते? लोडशेडिंगच्या वर्षांत घेतलेल्या इन्व्हर्टरखाली, ग्रामपंचायतीच्या बंद पडलेल्या सौर पथदिव्यांच्या पेटीत, आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनजवळ. छतावर सोलर आलं म्हणून ही बॅटरी हद्दपार झाली असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. अनुदानातून बसणारं घरगुती सोलर बहुतेक ऑन-ग्रिड असतं. लाईट गेली की ते नियमाप्रमाणे स्वतःही बंद पडतं, म्हणजे लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये. सौर कृषी पंपालाही बॅटरी नसते, ऊन गेलं की पंप थांबतो. त्यामुळे रात्रीच्या उजेडासाठी जुन्या बॅटरीला गिऱ्हाईक आहेच.

आता तपासणी. दुकानात मल्टिमीटरच्या दोन पिना टर्मिनलला लागतात, आकडा येतो, आणि निकाल: "बारा पॉइंट सहा हाय, टकाटक." किंवा, "बारा पॉइंट चार? उतरलीय ओ, भंगारात घाला."

या निकालात दोन चुका आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या आहेत.

पहिली चूक तक्त्याची. इंटरनेटवर फिरणारा तक्ता सांगतो, 12.6 च्या वर म्हणजे शंभर टक्के, 12.4 म्हणजे पंचाहत्तर, 12.2 म्हणजे पन्नास. हा तक्ता गाडीच्या बॅटरीचा आहे. तिच्या पूर्ण चार्ज झालेल्या ॲसिडची घनता साधारण 1.265 असते. स्थिर बॅटरीच्या एका सेलचं व्होल्टेज काढायचा सोपा अडाखा असा की घनतेत 0.84 मिळवा. 1.265 अधिक 0.84 म्हणजे 2.105, गुणिले सहा सेल, 12.63 व्होल्ट. ठीक. पण आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जला घनता साधारण 1.240 ठेवतात. गरम हवामानात पातळ ॲसिड प्लेटांना कमी खातं, म्हणून. तोच अडाखा लावा: 2.08 गुणिले सहा, 12.48 व्होल्ट. म्हणजे काठोकाठ भरलेली चांगली ट्यूब्युलर त्या तक्त्यावर ऐंशी टक्क्यांच्या आसपास दिसते. आणि एखादी शांत पडलेली ट्यूब्युलर 12.7 दाखवत असेल तर खूश होण्याऐवजी विचारावं, की आत्ताच चार्जरवरून काढली का, की कुणी आत जादा ॲसिड ओतलंय?

दुसरी चूक जास्त गंभीर. व्होल्टेज बरोबर वाचलं तरी ते सांगतं की बॅटरी किती भरलीय. किती मावतं ते सांगत नाही. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, त्याची उपमा घेऊ. पाण्याची पातळी पूर्ण संचय पातळीला टेकली की पेपरात येतं, धरण भरलं. पण तळाशी गाळ किती साचलाय हे पातळीवरून कळत नाही. पातळी तीच, पाणी कमी. बॅटरीतला गाळ म्हणजे प्लेटांवर घट्ट बसलेलं शिशाचं सल्फेट आणि नळ्यांतून गळून तळाशी साचलेला मसाला. अर्धी क्षमता संपलेली बॅटरीसुद्धा पूर्ण चार्ज केली, पाच-सहा तास शांत ठेवली, की 12.48 च दाखवते. दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याचा मीटर दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

छोट्या डिजिटल टेस्टरबद्दल फार लिहीत नाही. दोन चिमटे लावायचे, तीन सेकंदांत 'बॅटरी चांगली'. तो अंतर्गत रोध मोजतो आणि सुरुवातीला बॅटरीचं सीसीए विचारतो, म्हणजे थंडीत इंजिन सुरू करायला ती किती करंट देईल तो आकडा. ट्यूब्युलरवर तो छापलेला नसतो, अँपिअर-तास छापलेले असतात. मग काहीतरी आकडा टाकला जातो आणि त्या अंदाजावरून यंत्र टक्केवारी काढतं. एकाच बॅटरीचा दर सहा महिन्यांचा कल बघायला ते उपयोगी आहे. अनोळखी बॅटरी विकत घ्यायला नाही.

हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिड ओढून घनता बघायची काचेची पिचकारी, या सगळ्यात मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. कारण तो सहाही सेलचं वेगवेगळं सांगतो. पाच सेल 1.235 आणि एक 1.150 आला, की रोग कुठे आहे ते कळलं. फक्त तापमान बघायला हवं. आकडे 27 अंशांसाठी असतात, आणि वर दर अंशाला साधारण 0.0007 मिळवायचे असतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ॲसिड 45 अंशांवर असेल तर 1.228 वाचलेलं खरं 1.240 असतं. ही दुरुस्ती न केल्याने पूर्ण भरलेली बॅटरी 'अजून भरायचीय' म्हणून उकळत ठेवलेली मी पाहिलीय.

पण हायड्रोमीटरलाही फसवता येतं, आणि 'मेलेली बॅटरी जिवंत करा' छापाचे व्हिडिओ नेमकं तेच करतात. कुणी एप्सम सॉल्ट घालतं, कुणी तुरटी. दुकानात 'ॲसिड बदलून देतो' म्हणतात तेही याच जातीचं. मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळलं की द्रव जड होतो, हायड्रोमीटर वर येतो. म्हणजे उपचार यशस्वी झाला हे ज्या मापाने दाखवायचं, तेच माप उपचाराने बदललं! ताप मोजायच्या आधी थर्मामीटर बर्फात ठेवण्यासारखं आहे हे. ॲसिड बदलण्यात आणखी एक तोटा आहे. हरवलेलं सल्फेट प्लेटांवर बसलेलं असतं. पातळ ॲसिड ओतून टाकून ताजं भरलं आणि नंतर लांब चार्जिंगने ते सल्फेट सुटलं, तर घनता हवी त्यापेक्षा वर जाते आणि आतली जाळी कुरतडायला लागते. चार महिने बरी चालते, गॅरंटी नसतेच, आणि मग बसते. बॅटरीत घालायची एकच गोष्ट, डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नको, त्यातले क्षार आणि लोह आतच राहतात.

मग खरी तपासणी कोणती? जुनीच आहे, कंटाळवाणी आहे, म्हणून कुणी करत नाही: पूर्ण भरा, ठरलेल्या करंटने ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत रिकामी करा, तास मोजा. 150 अँपिअर-तास, सी-20, असं लेबल असेल तर त्याचा अर्थ साडेसात अँपिअर वीस तास, 10.5 व्होल्टपर्यंत. सगळी गोम 'पूर्ण भरा' या दोन शब्दांत आहे, आणि सोलरवर चार्ज करताना इथेच गडबड होते.

हिशेब करू. 150 वॉटचं बारा व्होल्टवालं पॅनेल ऐन उन्हात साधारण 8.3 अँपिअर देतं. मराठवाड्यात वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच-साडेपाच तास 'पूर्ण उन्हाचे' धरता येतात, पावसाळ्यात बरेच कमी. पाच धरले तर दिवसाला चाळीस-एक अँपिअर-तास. रिकामी 150 ची बॅटरी भरायला, वाया जाणारं धरून, 170 च्या आसपास घालावे लागतात. चार दिवस झाले. त्यात शेवटचा वीस टक्के भाग सर्वांत हट्टी: व्होल्टेज वर टेकलेलं असतं, करंट घटत जातो, पॅनेलची निम्मी ताकद नुसती वाया जाते. म्हणून पाच ते सहा दिवस धरा, तेही मधे काही लोड न लावता. 'दिवसभर उन्हात ठेवली होती' ही तपासणीची तयारी नव्हे.

आणि हिरवा दिवा. चार्ज कंट्रोलर व्होल्टेज बघतो. सल्फेट चढलेल्या बॅटरीचा रोध वाढलेला असतो, त्यामुळे तिचं व्होल्टेज तासाभरात 14.4 ला उडी मारतं. कंट्रोलरला वाटतं भरली, आणि थोड्या वेळात तो 13.7 च्या आसपास उतरून बसतो. दिवा हिरवा. बॅटरी उपाशी. आता तिची तपासणी केली तर ती नापास होणारच, आणि कदाचित वाचण्यासारखी बॅटरी भंगारात जाते. माझ्या मते दुकानांतून 'मेली' म्हणून बाहेर पडणाऱ्या बॅटऱ्यांवरचा हा सर्वांत मोठा अन्याय आहे. भरल्याची खूण दिव्यावर बघू नका, ॲसिडमध्ये बघा: तासातासाने तीन वेळा घनता घेतली आणि ती जागची हलली नाही, सगळे सेल सारखे बुडबुडे सोडतायत, तर भरली. त्यासाठी अनेकदा 15 व्होल्टच्या आसपास काही तास समतोल चार्ज द्यावा लागतो. हे फक्त पाणी घालायच्या बॅटरीसाठी, बंद बॅटरीला हे कधीही करू नये. खोली उघडी ठेवा, विडी-काडी लांब. त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं की ठिणगी पुरते.

इथे आपल्या उन्हाचा एक विनोद आहे. सर्वांत कडक ऊन मे महिन्यात, पण पॅनेलचं काम तेव्हा सर्वांत चांगलं होत नाही. काच 70 अंशांवर जाते, आणि 25 अंशांना 18 व्होल्ट देणारं पॅनेल तेव्हा पंधराच्या खाली येऊन काम करतं. त्यात लांब बारीक वायर आणि स्वस्त कंट्रोलर आपला वाटा खातात. समतोल चार्जला हवा तेव्हाच करंट गळतो. स्वच्छ आभाळाचे डिसेंबर-जानेवारी या कामाला बरे. दुसरी एक चूक सर्रास दिसते: छतावरचं मोठं, 38 व्होल्टवालं पॅनेल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवरून बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडायचं. 335 वॉटच्या पॅनेलमधून मग सव्वाशे वॉटसुद्धा मिळत नाहीत, कारण तो कंट्रोलर करंट तेवढाच ठेवून जादा व्होल्टेज सोडून देतो. अशा पॅनेलला एमपीपीटी कंट्रोलर लागतो.

भरली, पाच-सहा तास शांत ठेवली. आता रिकामी करायची. प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक लोड असतो, घरी गाडीच्या हेडलाईटचे दोन बल्ब चालतात, मिळून आठ-नऊ अँपिअर ओढतात. दर अर्ध्या तासाला व्होल्टेज आणि करंट लिहा, कारण व्होल्टेज उतरतं तसा बल्बचा करंटही उतरतो. समजा सरासरी 8.5 अँपिअरने नऊ तासांत 10.5 व्होल्ट आले. झाले साधारण 76 अँपिअर-तास, लेबलच्या निम्मे. लगेच सहाही सेलची घनता घ्या. सगळे सेल सारखे उतरले असतील तर बॅटरी म्हातारी आहे पण धड आहे. एकच सेल तळाला गेला असेल तर गोष्ट वेगळी. पाच सेल 1.95 वर आणि सहावा 0.75 वर, बेरीज तीच 10.5! अशी बॅटरी घेऊ नये, तो एक सेल लवकरच उलटा चार्ज होऊन सगळ्यांना घेऊन बुडेल. मग पुन्हा पूर्ण भरून हीच चाचणी दुसऱ्यांदा करा. महिनोन् महिने पडून राहिलेल्या बॅटरीत पहिल्या फेरीचा आकडा पुष्कळदा कमी येतो, मऊ सल्फेट सुटलं की दुसऱ्या फेरीत वाढतो. मी निकाल दुसऱ्या फेरीवर देते.

76 आले. आता ही पास की नापास?

आमच्या क्षेत्रात पाठ असलेलं उत्तर: नापास. आयईईई 450 हे मानक म्हणतं, क्षमता ऐंशी टक्क्यांवर आली की बॅटरी बदला. शोधनिबंध उघडा, 'आयुष्याचा शेवट' म्हणून हीच ऐंशीची रेघ मारलेली असते. बहुतेक जण ती कुठून आली हे विचारत नाहीत. ते मानक स्थिर, औद्योगिक बॅटऱ्यांचं आहे. आपल्याच जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रात बॅटरीची स्वतंत्र खोली असते, दोन-दोन व्होल्टच्या सेलची रांग. सगळी वीज गेली तर ब्रेकर पाडायला आणि फिरत्या टर्बाइनच्या बेअरिंगला तेल पुरवणारा आपत्कालीन पंप चालवायला तीच रांग असते. तिथे ऐंशीच्या खाली गेलेली बॅटरी म्हणजे कोट्यवधींचं यंत्र पणाला. ती रेघ तिथे शंभर टक्के योग्य आहे.

पण वस्तीवरचं घर घ्या. दिवाळीच्या आगेमागे तरणी माणसं ऊसतोडीला गेली, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. लोड किती? पाच वॉटचे दोन बल्ब पाच तास, दोन-तीन मोबाईल. ऐंशी वॉट-तास, म्हणजे रात्रीला सात अँपिअर-तास. 76 वाल्या बॅटरीचा दहावा हिस्सा. झटका मशीनचा लोड तर त्याहूनही कमी. या घराला परळीची रेघ लावून बॅटरी नापास करणं हे मला शास्त्र वाटत नाही, सवय वाटते. शेवट कुठे मानायचा ते लोडवरून ठरायला हवं: रोजच्या गरजेच्या चार-पाच पट क्षमता उरलीय का?

मानकाची बाजूही सांगते, कारण ती पोकळ नाही. ऐंशीच्या खाली घसरणीचा वेग वाढतो, हे त्या रेघेमागचं दुसरं कारण. निम्म्यावर आलेली बॅटरी निम्मं आयुष्य उरलेली नसते, बरंच कमी उरलेलं असतं. त्यात आपली उष्णता: तापमान दर आठ-दहा अंश वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, हा जुना अडाखा आहे. म्हणून निम्म्या क्षमतेची बॅटरी निम्म्या किमतीला घेणं हा घाट्याचा सौदा. भंगाराच्या भावापेक्षा थोडी वर मिळाली तर घ्यावी. आणि 'ऊसतोडीच्या कोपीत देता येईल की' असं सुचवणाऱ्यांना माझं उत्तर 'नको' असतं. पन्नास-साठ किलोचं ओझं, आत सांडणारं ॲसिड, पाचटाचं छप्पर आणि पायाशी लेकरं. तिथे छोटा लिथियमचा सौर कंदील बरा.

आता आमच्या लोकांवर. पल्स देऊन सल्फेट फोडायचे प्रयोग पुष्कळ होतात. वाचताना मी एकच गोष्ट शोधते: तेवढेच दिवस, तेवढाच चार्ज, पण पल्सविना दिलेली जोडीची बॅटरी कुठे आहे? ती नसेल तर सुधारणा पल्सने झाली की नुसत्या लांब, सावकाश चार्जिंगने, हे सांगताच येत नाही. आणि 25 अंशांच्या वातानुकूलित खोलीत, नव्या बॅटरीवर, दररोज न चुकता पूर्ण भरून काढलेलं 'सौर सायकल आयुष्य' आष्टी-पाटोद्याच्या पत्र्याखाली लागू करायचं म्हणजे धाडसच आहे. इथे बॅटरी जुलै-ऑगस्टचे आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहते, आणि सल्फेट नेमकं तेव्हाच घट्ट होतं.

हे सगळं इतकं ताणून धरायचं कारण शिसं. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त तेच असतं, म्हणून भंगारवाला किलोवर घेतो. नोंदणीकृत कारखान्यात गेली तर ठीक. उघड्यावर फोडून वितळवली गेली तर धूळ आणि धूर आसपासच्या पोरांच्या रक्तात जातो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालाने जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे जवळपास 80 कोटी मुलांच्या रक्तात धोक्याइतकं शिसं असल्याचा अंदाज दिला, आणि नीट न हाताळलेल्या बॅटऱ्या हे त्यातलं मोठं कारण सांगितलं. ऑगस्ट 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी दुरुस्त करून पुन्हा वापरणं हा वेगळा व्यवसाय मानला, त्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीही ठेवली. तरी काउंटरवर विकल्या जाणाऱ्या जुन्या बॅटरीवर मोजलेली क्षमता लिहिलेली मला अजून दिसलेली नाही.

सध्या मी तपासलेल्या प्रत्येक बॅटरीला एक चिठ्ठी चिकटवते: दुसऱ्या फेरीचे अँपिअर-तास, कितीच्या करंटवर, ॲसिडचं तापमान, सर्वांत कमजोर सेल कोणता, तारीख. एका जुन्या बॅटऱ्या विकणाऱ्यांना असंच करायला सुचवलं. ते म्हणाले, "ताई, 76 लिहिल्यावर गिऱ्हाईक दीडशेचा भाव कशाला देईल?" मी म्हटलं, देणार नाही. मग भाव काय ठरवायचा यावर आम्ही चहा संपेपर्यंत बोललो आणि एकमत झालं नाही. त्यांनी शेवटी एकच बॅटरी चिठ्ठी लावून बाहेर ठेवायचं कबूल केलं आहे. तीन महिन्यांनी तिची चाचणी पुन्हा करणार आहे, विकली गेली तर घेणाऱ्याच्या घरी जाऊन.